गावचा आणि गावातला

भाऊबीजेला बहिणीने यावे, ओवाळावे, आणि तबकात काय घालायचे या विचारात भावाने आदल्या रात्री तळमळावे, हा आमच्या घरचा वर्षानुवर्षांचा परिपाठ आहे. गेल्या दिवाळीत मात्र ताईबरोबर आलेल्या भाचेबुवांनी आपलीही ओवाळणी मागून घेतली, आणि तीही व्याकरणाच्या रूपाने!

भाचेबुवा पुण्याला संगणकाच्या व्यवसायात आहेत. “तू नेमके करतोस तरी काय?” असे विचारले की ते म्हणतात, “मामा, मी यंत्राला ज्ञान देतो.” वीस वर्षे मराठीचा प्राध्यापक म्हणून मीही मुलांना ज्ञान देण्याच्याच खटपटीत आहे. त्यामुळे मला त्यांच्याविषयी सहानुभूती वाटली. फराळाची ताटे समोर होती, आई पाटावर बसून करंज्या मोजत होती. तेवढ्यात भाचेबुवांनी करंजी हातात घेऊन विचारले, “मामा, ‘भाग’ या शब्दाचा अर्थ सांगा.”

मी म्हणालो, “अरे, एवढे सोपे? अंश, हिस्सा, अवयव.”

“मग बघा. खोबरे हा सारणाचा भाग, सारण हा करंजीचा भाग, म्हणून खोबरे हा करंजीचा भाग. बरोबर?”

“अगदी बरोबर.”

“आता तुमचा दुखरा गुडघा. गुडघा हा मामांचा भाग. मामा हे कॉलेजच्या मराठी विभागाचा भाग. म्हणून मामांचा गुडघा हा मराठी विभागाचा भाग!”

सगळे घर हसले. ताई म्हणाली, “मग गुडघ्याच्या तेलाचे बिल कॉलेजकडेच पाठव.” भाचेबुवा मात्र गंभीरपणे म्हणाले, “तुम्ही हसलात. यंत्र हसत नाही. दोन्ही ठिकाणी मी ‘भाग’ असाच शब्द लिहून दिला, तर ते करंजीचा निष्कर्ष जितक्या निष्ठेने काढील, तितक्याच निष्ठेने गुडघ्याचाही काढील.”

वाचकहो, त्या दिवशी फराळ थंड झाला. पण ज्या ‘चा-ची-चे’वर मी इतकी वर्षे पोट भरतो, त्या इवल्याशा प्रत्ययात केवढा संसार भरलेला आहे, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा नीट उमजले. पुढे त्याचे धागे आमच्या जिल्ह्याच्या सुखदुःखापर्यंत जाऊन पोहोचले, म्हणून ही हकिगत आपल्यापुढे ठेवीत आहे.

यंत्राला ज्ञान द्यायचे म्हणजे काय, ते आधी सांगतो. दुकानदाराची खतावणी आपण पाहिलेली असते: डावीकडे नाव, उजवीकडे रक्कम. संगणकाच्या ज्ञानसंग्रहाच्या खतावणीत प्रत्येक ओळीला तीन रकाने असतात. पहिल्यात एक वस्तू, तिसऱ्यात दुसरी वस्तू आणि मधल्यात त्या दोहोंचे नाते. ‘फांदी – भाग – झाड’, ‘पक्षी – वर – फांदी’, अशा हजारो, लाखो ओळी. या ओळी एकमेकींना जोडून न सांगितलेल्या गोष्टी यंत्राने स्वतः काढाव्यात, अशी अपेक्षा असते. अमेरिकेत टेक्सास राज्यातील ऑस्टिन येथे १९८४ साली डग्लस लेनाट यांनी ‘सायक’ नावाचा एक प्रचंड प्रकल्प सुरू केला. पाणी वरून खाली वाहते, आई मुलापेक्षा मोठी असते, माणूस घरात असला की त्याचे पायही घरातच असतात, अशा आपण कधीच कोणाला न सांगितलेल्या गोष्टी एक एक करून यंत्राला लिहून द्यायच्या, असे ते काम. दुसऱ्याच वर्षी, १९८५ मध्ये, प्रिन्स्टन विद्यापीठात जॉर्ज मिलर यांनी इंग्रजी शब्दांचे ‘वर्डनेट’ विणायला घेतले. त्यात शब्दांचे नुसते अर्थ नसून त्यांची परस्परांशी नाती आहेत: कोण कोणाचा प्रकार, कोण कोणाचा अवयव. आपल्याला अभिमान वाटावा अशी गोष्ट म्हणजे तसलेच शब्दांचे जाळे मराठीसाठीही तयार झाले आहे. पवईच्या आय. आय. टी. मध्ये आधी हिंदीचे आणि त्याच्या आधाराने मराठीचे वर्डनेट बांधले गेले.

पण मधल्या रकान्यात कोणता शब्द लिहायचा, ही खरी मेख आहे. पोलंडचे तर्कशास्त्रज्ञ लेश्निएव्स्की यांनी १९१६ साली अवयव आणि अवयवी यांच्या तर्काची एक स्वतंत्र मांडणी केली. भाग म्हणजे काय, भागाचा भाग म्हणजे काय, याचे नियम त्यांनी गणितासारखे रेखीव करून ठेवले. ते नियम करंजीला ठीक लागू पडतात, पण माझ्या गुडघ्यापाशी येऊन अडतात. त्याचे कारण १९८७ साली विन्स्टन, चॅफिन आणि हेरमन या तिघा अमेरिकन अभ्यासकांनी उलगडून दाखवले. ते म्हणाले, ज्याला आपण सरसकट ‘भाग’ म्हणतो ती मुळात एक नसून सहा निरनिराळी नाती आहेत. त्यांचे सहा प्रकार मी आमच्या घरातल्या दाखल्यांनी सांगतो.

पहिला प्रकार पंख्याच्या पात्याचा. पाते हा पंख्याचा घटक आहे, त्याचे ठरलेले काम आहे. दुसरा प्रकार भजनी मंडळातल्या टाळकऱ्याचा. तो समूहाचा सभासद. तिसरा प्रकार पोळीच्या चतकोराचा. चतकोर हीसुद्धा पोळीच असते. पात्याला मात्र कोणी पंखा म्हणत नाही. चौथा प्रकार चांदीच्या वाटीतल्या चांदीचा. चांदी काढून घेतली तर मागे वाटी उरतच नाही. पाचवा प्रकार कार्याच्या टप्प्याचा. दिवाळीत आमच्या सातपुड्यात अस्तंब्याची यात्रा असते, धनत्रयोदशीच्या सुमारास माणसे रात्री-अपरात्री तो उभा डोंगर चढतात. ती चढण हा यात्रेचा भाग. आणि सहावा प्रकार मोठ्या प्रदेशातल्या लहान ठिकाणाचा: तोरणमाळ हा सातपुड्याचा भाग.

साखळी जोडायची असेल तर ती एकाच जातीच्या कड्यांची हवी, एवढेच सूत्र यातून हाती लागते. गुडघा हा माझ्या देहाचा घटक आहे, आणि मी विभागाचा सभासद आहे. कडी वेगळ्या जातीची, म्हणून साखळी तुटते. आपण हसतो ते याच तुटण्याला. शाळेत कधी न शिकता आपल्याला हे कळते, आणि यंत्राला ते सांगावे लागते.

भाचेबुवांचे हे सहा प्रकार ऐकून माझ्यातला मराठीचा प्राध्यापक जागा झाला. मी म्हणालो, “अरे, तुमच्या अमेरिकेला १९८७ उजाडावे लागले. आमच्या वैयाकरणांना आणि नैयायिकांना हा गोंधळ फार पूर्वीच दिसला होता.” मामा म्हटला की एवढी प्रौढी त्याला माफ असते. पण प्रौढी सोडून दिली तरी गोष्ट खरी आहे. पाणिनीने सप्तमीचा अर्थ अधिकरण असा केला, आणि अधिकरण म्हणजे आधार, असे सांगितले. पुढच्या वैयाकरणांनी त्या आधाराचे तीन प्रकार पाडले. माणूस चटईवर बसतो तेव्हा तो चटईच्या एका भागाला टेकलेला असतो. तिळात तेल असते ते तिळाच्या कणाकणात भरलेले असते. आणि एखाद्याची इच्छा मोक्षात असते, तेव्हा मोक्ष हा केवळ तिचा विषय असतो. तिथे ना टेकणे ना भरणे. तीनही ठिकाणी विभक्ती एकच. आपली मराठी तरी काय करते? ‘डब्यात लाडू’, ‘दुधात साखर’, ‘खेळात लक्ष’ या तिन्हींना एकच ‘त’ पुरवून मोकळी होते.

न्याय-वैशेषिकांनी आणखी खोल पाहिले. लाडू आणि डबा यांचा संयोग. लाडू काढला तरी डबा डबाच राहतो, आणि लाडू लाडूच (तो फार वेळ राहत नाही, ही गोष्ट वेगळी). पण धागे आणि कापड यांचा समवाय. धागे उसवून काढले की कापड म्हणून काही शिल्लक राहत नाही. त्यांचे आणखी एक म्हणणे मोठे गमतीचे आहे. आपल्याला वाटते की कापडात धागे असतात. ते म्हणतात, कापडच धाग्यांत राहते! भाचेबुवांनी हे वाक्य दोनदा म्हणवून घेतले आणि टिपून ठेवले. मिलिंद राजा आणि नागसेन यांच्या संवादातला रथही मी त्यांना ऐकवला. चाक म्हणजे रथ नव्हे, आस म्हणजे रथ नव्हे, मग रथ कोठे आहे? हा प्रश्न दोन हजार वर्षांच्या आसपास जुना आहे, आणि पुण्यातल्या वातानुकूलित कचेरीत तो आजही सुटायचा आहे, हे ऐकून मला बरे वाटले.

यावर आई पाटावरून म्हणाली, “आधार म्हणजे ते कार्डच ना? ते तर आपल्याकडूनच सुरू झालं.” आई म्हणाली ते खोटे नाही. देशातले पहिले आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी आमच्याच जिल्ह्यात, शहादा तालुक्यातल्या टेंभली गावी वाटले गेले. ते कार्ड उलटे करून पाहा. घर, गल्ली, गाव, तालुका, जिल्हा, राज्य अशी एकात एक बसवलेल्या डब्यांची ती उतरंड आहे. म्हणजे प्रत्येक माणसाच्या खिशात अवयव-अवयवीची एक साखळीच आहे. पाणिनीचा ‘आधार’ आणि सरकारचा ‘आधार’ अशा रीतीने आमच्या जिल्ह्यात एकत्र आले.

परंतु जग नेहमीच एकात एक बसणाऱ्या डब्यांसारखे नसते. त्याचा दाखला पाहायचा असेल तर आपण एकदा नवापूरच्या रेल्वे स्टेशनवर यावे. सुरतेकडून जळगावकडे येणाऱ्या गाडीने उतरलात तरी चालेल. हे स्टेशन बांधले तेव्हा राज्याची सीमा तिथे नव्हती. १ मे १९६० रोजी मुंबई राज्याचे महाराष्ट्र आणि गुजरात असे दोन भाग झाले, आणि सीमारेषा नेमकी स्टेशनातून गेली. फलाटावर एक बाकडे आहे. त्याचे अर्धे महाराष्ट्रात आणि अर्धे गुजरातेत. तिकिटाची खिडकी महाराष्ट्रात, स्टेशनमास्तरांची कचेरी गुजरातेत. नवराबायको त्या बाकड्यावर शेजारी बसली तर दोन राज्यांत बसली, असे होऊ शकते. गुजरातेत दारूबंदी आहे. तेव्हा तो कायदा बाकड्याच्या एका अंगाला लागू आणि दुसऱ्या अंगाला नाही!

आता या बाकड्याची ओळ खतावणीत कशी लिहावी? ‘बाकडे – भाग – महाराष्ट्र’ लिहिले तर गुजरातवर अन्याय, उलट लिहिले तर आपल्यावर. यावरही तोड निघाली आहे. इंग्लंडमधील लीड्स विद्यापीठात रँडेल, कुई आणि कोन यांनी १९९२ साली दाखवून दिले की कोणत्याही दोन प्रदेशांमध्ये नेमकी आठ नाती संभवतात, नववे नाही. ती समजायला रांगोळीइतके सोपे साधन नाही. अंगणात दोन गोल काढा. एक, दोन्ही गोल एकमेकांपासून दूर. दोन, कडेला कड फक्त टेकलेली. तीन, थोडे एकावर एक आलेले. चार, दोन्ही तंतोतंत एकच. पाच, धाकटा थोरल्याच्या आत, पण आतून कडेला चिकटलेला. सहा, धाकटा पार आत, कडेपासून सुटा. सात आणि आठ म्हणजे पाच आणि सहाच, फक्त थोरल्याच्या बाजूने पाहिलेले.

नंदुरबार आणि रत्नागिरी हे जिल्हे पहिल्या नात्याचे. नंदुरबार आणि धुळे दुसऱ्या नात्याचे. नवापूर तालुका महाराष्ट्राच्या आत आहे पण सीमेला टेकलेला, म्हणून पाचव्या नात्याचा. आणि नवापूरचे बाकडे महाराष्ट्राशी तिसऱ्या नात्याने बांधलेले: थोडे आत, थोडे बाहेर. असे लिहिले की यंत्राला चुकीचे काही सांगितले असे होत नाही, आणि त्याने चुकीचे काही काढावे अशी भीतीही राहत नाही. सातपुड्याचेही तसेच. तो नंदुरबार जिल्ह्यात आहे, पण तेवढ्यातच नाही. गुजरात आणि मध्य प्रदेशातही तो पसरला आहे. त्यामुळे ‘तोरणमाळ सातपुड्यात आहे’ एवढ्या एका वाक्यावरून ते नंदुरबार जिल्ह्यात आहे असे ठरत नाही. ते निराळे सांगावे लागते. एरवी तापी नंदुरबार जिल्ह्यातून वाहते आणि सुरत तापीच्या काठी आहे, म्हणून सुरत आमच्या जिल्ह्यात, असेही यंत्र म्हणायचे. सुरतकरांची त्याला हरकत नसेलही, पण भूगोलाच्या मास्तरांची असणार.

आमच्या वाडवडिलांनाही हे ठाऊक होते. जुने खरेदीखत काढून पाहा. शेत कोठे आहे, हे त्यात अंशांनी आणि कलांनी सांगितलेले नसते. पूर्वेस अमुकाचे शेत, पश्चिमेस ओढा, दक्षिणेस गाडीरस्ता, उत्तरेस तमुकाचा बांध, अशी चतुःसीमा असते. म्हणजे लीड्सचे दुसरे नाते, कडेला कड. आणि सातबाऱ्यावरचा पोटहिस्सा म्हणजे भागाचा भाग. फक्त ओढ्याने पात्र बदलले किंवा शेजारच्या शेताचा मालक बदलला, की कज्जा उभा राहायचा.

यावरून मला आमच्या घरातला एक जुना सल आठवला. नात्याला स्थळ जसे हवे तसा काळही हवा, हे मला त्या प्रसंगाने शिकवले.

आईचा जन्म १९५६ चा, याच नंदुरबार गावातला. तिचे माहेर आणि सासर यांत दोन गल्ल्यांचे अंतर. मी जन्मलो तोही येथेच, आणि माझी मुलगीही येथलीच. पण आईच्या शाळेच्या दाखल्यावर जिल्हा आहे पश्चिम खानदेश, माझ्या दाखल्यावर धुळे आणि मुलीच्या दाखल्यावर नंदुरबार. इतिहास सरळ आहे. मूळच्या खानदेश जिल्ह्याचे १९०६ साली पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले. महाराष्ट्र राज्य झाले त्या सुमारास पश्चिम खानदेशाला धुळे हे नाव मिळाले. आणि १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा झाला. शेजारीही हाच प्रकार: सीमेपलीकडे सुरत जिल्ह्यातून २००७ साली तापी जिल्हा निघाला.

काही वर्षांपूर्वी एका कामासाठी आईचा अर्ज एका कचेरीत संगणकावर भरला. तो परत आला. कारण दिले होते: जन्मस्थळाच्या जिल्ह्यात तफावत. मी दाखला घेऊन गेलो. त्यावर जुन्या वळणाच्या अक्षरात लिहिले होते: ‘नंदुरबार, जि. प. खानदेश’. खिडकीतल्या तरुणाने तो दाखला उजेडात धरून पाहिला आणि म्हणाला, “सर, ही तर जिल्हा परिषद खानदेश दिसते. आमच्या यादीत अशी जिल्हा परिषदच नाही.” बिचाऱ्याचा दोष नव्हता. त्याच्यासमोरच्या यादीत आजचे जिल्हे होते, आणि जो जिल्हा आज नाही तो कधी नव्हताच, असे यंत्राचे मत होते. मग प्रतिज्ञापत्र, नकला, तीन खेपा. घरी आल्यावर आई म्हणाली, “मी कुठं गेले नाही रे. जिल्हेच येत-जात राहिले.”

भाचेबुवांनी ही हकिगत ऐकली आणि ते खुर्चीत सरसावून बसले. “मामा, यात दोन निराळ्या गोष्टी आहेत. पश्चिम खानदेशाचा धुळे झाला तेव्हा अवयवी तोच राहिला, नाव बदलले. नंदुरबार निघाला तेव्हा नाव नव्हे, अवयवीच बदलला: एक भाग एका डब्यातून निघून दुसऱ्यात गेला. खतावणीच्या प्रत्येक ओळीला ‘केव्हापासून’ आणि ‘केव्हापर्यंत’ असे दोन रकाने असते, तर आजीला एकही खेप पडली नसती.” काळाच्या नात्यांचाही हिशेब झालेला आहे, असे त्यांनी सांगितले. जेम्स अॅलन यांनी १९८३ साली दोन कालखंडांमध्ये तेरा नाती असतात असे मांडले: आधी, नंतर, लगत, मधोमध वगैरे. म्हणजे विद्या होती. ती त्या खिडकीपर्यंत पोहोचली नव्हती, इतकेच.

इथवर हा विषय तीन खेपांच्या त्रासाचा होता. परंतु आमच्याच जिल्ह्यात असेही लोक आहेत, की ज्यांच्यासाठी मधल्या रकान्यातला शब्द हा आयुष्याचा प्रश्न झाला.

नर्मदेवरच्या सरदार सरोवर धरणामुळे महाराष्ट्रातली तेहतीस गावे बाधित झाली. ती सगळी आमच्या अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली, सातपुड्याच्या उतारावरची. धरणाच्या सर्वांत जवळचे मणिबेली. पाणी वर्षावर्षाने चढत गेले. २०१७ साली धरणाचे दरवाजे बंद झाले, आणि सप्टेंबर २०१९ मध्ये जलाशय प्रथमच १३८.६८ मीटर या पूर्ण पातळीपर्यंत भरला. अनेक कुटुंबांचे पुनर्वसन तळोदा, शहादा या बाजूच्या सपाटीवरच्या वसाहतींत झाले. काही कुटुंबे मात्र खाली आलीच नाहीत. पाण्याच्या वर, त्याच डोंगराच्या चढावर सरकून राहिली.

डोंगरातले गाव म्हणजे आपल्या पेठेसारखे दाटीचे नव्हे. ते पाड्यापाड्यांचे असते. एक पाडा या टेकाडावर, दुसरा ओढ्यापलीकडे. त्यातला एखादा पाडा पाण्यात गेला, एखादा वसाहतीत आला आणि एखादा चढावर राहिला, तर गाव कोठे आहे असे म्हणावे? आता ते सहा प्रकार आठवा. ‘गाव’ या एका शब्दात तीन अवयवी एकत्र नांदत असतात. एक, जमिनीचा तुकडा. दुसरा, माणसांचा समूह. तिसरा, सरकारी यादीतले नाव आणि क्रमांक. सर्वसाधारण दिवसांत हे तिन्ही एकमेकांवर इतके चपखल बसलेले असतात, की ते तीन आहेत हे ध्यानातच येत नाही. रांगोळीच्या भाषेत सांगायचे तर ते चौथ्या नात्याने, तंतोतंत एकच असतात. पाणी आले की ते सुटे होतात. पहिले बुडते, दुसरे विखुरते आणि तिसरे कागदावर कोरडे राहते.

आमच्या कॉलेजात एक विद्यार्थी होता. नर्मदाकाठच्या एका गावातून त्याचे आईवडील वसाहतीत आलेले. आजोबा वरच राहिले. प्रथम वर्षाला मी ‘माझे गाव’ हा नेहमीचा निबंध दिला. सगळ्यांनी नेहमीचेच लिहिले: मारुतीचे देऊळ, पार, ओढा. हा मुलगा वही घेऊन माझ्या टेबलापाशी आला आणि त्याने विचारले, “सर, मी त्या गावचा आहे. पण त्या गावातला नाही. मग कोणत्या गावावर लिहू?”

मी चटकन उत्तर दिले नाही, कारण मला ते सुचले नाही. इतकी वर्षे मी षष्ठी आणि सप्तमी शिकवीत होतो. ‘गावचा’ आणि ‘गावातला’ हे दोन शब्द शेजारी ठेवून त्यांतला फरक मला कधी कोणी इतक्या थोडक्यात दाखवला नव्हता. ‘गावातला’ म्हणजे जो गावाच्या सीमेच्या आत आहे तो. ते स्थळाचे नाते, नकाशावर टिंब देऊन दाखवता येते. ‘गावचा’ म्हणजे जो गावाच्या माणसांपैकी आहे तो. ते सभासदाचे नाते, आणि त्याला टिंब नाही. न्यू जर्सीत तीस वर्षे राहिलेला माणूसही ‘मी सांगलीचा’ असे म्हणतो तेव्हा आपण त्याला खोटा ठरवत नाही. तो न्यू जर्सीतला आहे आणि सांगलीचा आहे. मराठीने ही दोन नाती दोन शब्दांत वेगळी ठेवली आहेत, आणि आपल्या अर्जांनी ती एका चौकोनात कोंबली आहेत.

त्या चौकोनात ‘गाव’ असे लिहिलेले असते. वसाहतीतल्या मुलाने तिथे बुडालेले गाव लिहिले तर तालुका जुळत नाही. वसाहत लिहिली तर आजोबांच्या कागदाशी नाते जुळत नाही. पुनर्वसनाचा हक्क मिळतो तो ‘गावचा’ असल्यामुळे. शिधा, शाळा, मतदान मिळते ते ‘गावातला’ असल्यामुळे. दोन्ही नाती खरी आहेत, दोन्हींची गरज आहे, आणि एकावरून दुसरे काढता येत नाही. माझ्या गुडघ्याची चूक आणि ही चूक तर्कदृष्ट्या एकाच जातीच्या आहेत. पहिलीला आपण हसलो. दुसरीत माणसाची जमीन अडकलेली असते.

मी त्या मुलाला सांगितले, “दोन्हींवर लिही.” त्याने चार पाने लिहिली. त्यातले पहिले पान आजोबांच्या घराच्या ओट्यावरून काय काय दिसत असे, याचे होते: कोणत्या दिशेला कोणता पाडा, मोहाचे झाड कोणाच्या शेताच्या कडेला, नदीकडे उतरणारी वाट कोठून सुटते. त्याने ते स्वतः पाहिलेले नव्हते. आजोबांनी सांगितलेले होते. आज मला वाटते, ती एका बुडालेल्या गावाची चतुःसीमा होती.

हे सगळे मी भाचेबुवांना सांगितले तेव्हा दिवेलागण झाली होती. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “मामा, आमच्याकडे मधल्या रकान्यासाठी आधीच शब्द ठरलेले असतात. नवीन शब्द मागितला की वरिष्ठ म्हणतात, ‘जुन्यातच बसव.’ कारण नाती जितकी कमी, तितके यंत्र जलद चालते.”

मी म्हणालो, “तेही खरेच आहे. प्रत्येक भेद लिहीत बसलो तर खतावणी कधी पुरी व्हायची नाही. पण कोणता भेद सोडला तर कोणाचे काय जाते, एवढे तरी सोडणाऱ्याला ठाऊक असावे. करंजीतले खोबरे सारणाचा भाग की करंजीचा, हे चुकले तर कोणाचे काही जात नाही. ‘गावचा’ आणि ‘गावातला’ हे चुकले तर जाते.”

व्याकरण हा निरुपयोगी विषय आहे, असे मुलांचे आणि पुष्कळदा त्यांच्या पालकांचेही मत असते. “विभक्ती शिकून पोट भरते का?” असे मला दर वर्षी कोणीतरी विचारतो. यापुढे मी त्यांना नवापूरच्या बाकड्यावर नेऊन बसवणार आहे. दादोबा पांडुरंगांनी १८३६ साली आणि मोरो केशव दामल्यांनी १९११ साली मराठीच्या व्याकरणाचा जो हिशेब मांडला, तो आज यंत्राला भाषा आणि जग शिकवणाऱ्यांच्या कामी यावा, असा काळ आला आहे. बोलकी यंत्रे आता घरोघरी आली आहेत आणि ती झकास बोलतात. पण सरकारी याद्या, नकाशे, जमिनीचे उतारे हे सगळे अजून त्या तीन रकान्यांच्या खतावणीवरच उभे आहेत, आणि पुढेही राहणार. मधला रकाना भरणारा माणूस जर मराठी मुलूख आणि मराठी भाषा दोन्ही जाणणारा असेल, तर बरीच प्रतिज्ञापत्रे वाचतील.

दुसऱ्या दिवशी ताई निघाली. भाचेबुवांनी आजीच्या पाया पडून एक कागद तिच्यापुढे धरला. त्यावर त्यांनी रात्री बसून तीन ओळी लिहिल्या होत्या. पहिलीत नंदुरबार, पश्चिम खानदेश आणि त्याची साले. दुसरीत धुळे आणि त्याची साले. तिसरीत नंदुरबार जिल्हा, १ जुलै १९९८ पासून पुढे. “आजी, यंत्राला असे सांगितले तर चालेल ना?”

आईने चष्मा लावून कागद दोनदा वाचला. मग शेवटच्या ओळीवर बोट ठेवून म्हणाली, “पुढचा रकाना मोकळा ठेवलास, ते बरं केलंस. कुणी सांगावं, अजून एखादा जिल्हा येईल.” आणि करंज्यांचा डबा तिने नातवाच्या पिशवीत ठेवला.